कोपासी वापरून बघितलं, आणि त्यावर 1906 चा मुंबईचा प्लेग चालवून बघितला

बायोलॉजीच्या मुलांना गणित जमत नाही असं सरसकट बोललं जातं ते मला अजिबात पटत नाही. जमतं. एन्झाइमचा वेग, लोकसंख्येची वाढ, साथीचा चढउतार, सगळी समीकरणं पोरं व्यवस्थित लिहितात, पण ती सोडवायची कशात इथे गाडी अडते, कारण कोडिंग येत नसतं आणि मॅटलॅबचं लायसन्स सगळ्या कॉलेजांना परवडत नाही, मग तो चॅप्टर फळ्यावरच संपतो. मी एमएस्सीला शिकवते आणि या एका कारणासाठी बरीच सॉफ्टवेअर चाळली, त्यातलं जे टिकलं ते कोपासी, म्हणून त्याच्यावर जरा सविस्तर लिहितेय.

कोपासी म्हणजे पेशीतल्या रासायनिक क्रियांचं जाळं कॉम्प्युटरवर चालवून बघायचं सॉफ्टवेअर. पूर्ण फुकट, सोर्स कोड उघडा, आणि कंपनीत वापरलं तरी पैसे नाहीत. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं, आमच्या लॅबमधल्या जुन्या पीसींवरसुद्धा नीट चालतं आणि इन्स्टॉल झालं की इंटरनेट लागत नाही, आपल्याकडच्या लॅबमध्ये ही दोन कारणंच पुरेशी आहेत. याचा पूर्वज गेपासी, तो पेद्रो मेंडेस यांनी वेल्समधल्या एबरिस्टविथला असताना केला, त्यावरचा पेपर 1993 चा. पुढे मेंडेस यांचा ग्रुप आणि जर्मनीत हायडेलबर्गला उर्सुला कुमर यांचा ग्रुप एकत्र येऊन कोपासी झालं, त्याचा पेपर 2006 चा, आणि त्यावर काम अजून चालू आहे. फुकटचं सॉफ्टवेअर म्हटलं की दोन वर्षांत बंद पडेल अशी धास्ती असते, तशी इथे नाही.

मॉडेल कसं भरायचं ते आधी सांगते कारण मला यातलं सगळ्यात जास्त हेच आवडतं. समीकरण लिहायचंच नाही! रिअॅक्शन लिहायची, जशी वहीत लिहितो तशी. 'ए + बी -> सी' असं टाइप केलं की ए, बी, सी हे तिन्ही घटक आपोआप तयार होतात, कप्पा तयार होतो, वेगाचा नियम म्हणून मास अॅक्शन (वेग घटकांच्या प्रमाणांच्या गुणाकारावर ठरतो तो) लागतो, आणि डिफरन्शियल इक्वेशन ते स्वतः मांडतं, हवं तर मांडलेलं समीकरण उघडून बघता पण येतं. बाणाऐवजी '=' टाकलं तर क्रिया उलटसुलट दोन्हीकडे जाणारी धरतं, आणि अर्धविराम देऊन पुढे नाव लिहिलं तर तो घटक खर्च न होता फक्त वेगावर परिणाम करणारा, म्हणजे एन्झाइम किंवा इनहिबिटर (क्रिया दाबणारा). मायकेलिस-मेंटेन, हिल वगैरे एन्झाइमच्या वेगाचे नियम यादीत तयार आहेत, नसेल तो आपण लिहायचा. विद्यार्थ्याचं डोकं बायोलॉजीतच राहतं, सिंटॅक्स एररमध्ये अडकत नाही.

आता परीक्षा. डेमोमध्ये जे उदाहरण येतं त्यावर सगळीच सॉफ्टवेअर छान दिसतात, म्हणून मी आपल्या घरचं उदाहरण घेतलं, 1906 चा मुंबईचा प्लेग. साथीच्या गणितात ज्याला एसआयआर मॉडेल म्हणतात, कोविडच्या काळात टीव्हीवर जे आर नॉट आर नॉट (एक रुग्ण सुरुवातीला सरासरी किती जणांना लागण देतो तो आकडा) चालू होतं त्याचं मूळ, ते केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांच्या 1927 च्या पेपरमध्ये आहे. मॅकेंड्रिक इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये होते, कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी काम केलेलं. केरमॅक एडिनबरोचे केमिस्ट, लॅबमधल्या अपघातात त्यांची दृष्टी गेली होती आणि तरी हे सगळं गणित केलेलं. आणि त्या पेपरमध्ये मॉडेल ताडून बघायला जो डेटा वापरलाय तो मुंबई बेटावरच्या प्लेगच्या मृत्यूंचा, 17 डिसेंबर 1905 ते 21 जुलै 1906, आठवड्यानुसार. जगभर जिथे जिथे हा विषय शिकवतात तिथे हा आलेख दाखवतात, आणि आपल्याकडे किती मुलांना माहीत असतं की ही माणसं मांडवी, परळ, भायखळ्याच्या चाळीतली होती?

त्या पेपरमध्ये आठवड्याच्या मृत्यूंसाठी सूत्र दिलंय, 890 गुणिले हायपरबॉलिक सेकंटचा वर्ग, आणि त्या सेकंटच्या आत 0.2 गुणिले आठवडा वजा 3.4. वाचायला भीतीदायक वाटतं पण एक्सेलमध्ये एका ओळीत होतं. दहाव्या आठवड्यात 192 मृत्यू येतात, बाराव्यात 374, सतराव्यात सगळ्यात वर 890, म्हणजे एप्रिल 1906 चा मध्य. पूर्ण साथीची बेरीज येते साधारण 8900. हा कॉलम मी टेक्स्ट फाइलमध्ये सेव्ह केला, तो माझा डेटा.

कोपासीत मॉडेल म्हणजे दोन ओळी. एस म्हणजे लागण होऊ शकणारी माणसं, आय म्हणजे संसर्ग पसरवणारे रुग्ण, आर म्हणजे साथीतून बाहेर पडलेले. 'एस + आय -> 2 * आय' ही लागण, आणि 'आय -> आर' हा रोग संपणं, मग बरा होऊन असो की मरून. (त्या डेटात नोंद झालेल्या रुग्णांपैकी 80 ते 90 टक्के दगावत होते असं पेपरमध्येच म्हटलंय, त्यामुळे मृत्यू म्हणजेच जवळपास आर, हे त्या साथीचं भीषण वास्तव आहे.) युनिटमध्ये मी वेळेचं युनिट '1' ठेवून तो आठवडा धरला आणि प्रमाणाचं युनिट '#' केलं, म्हणजे मिलीमोल नाही, सरळ डोकी मोजायची. हे '#' लक्षात ठेवा, खाली परत येणार आहे. मृत्यूचा आठवडी आकडा म्हणून एक ग्लोबल क्वांटिटी बनवली, गॅमा गुणिले आय (गॅमा म्हणजे दुसऱ्या ओळीचा, रोग संपण्याचा वेग). मग पॅरामीटर एस्टिमेशनमध्ये, म्हणजे डेटाला बसतील अशा किमती शोधायच्या भागात, जाऊन डेटा फाइल दिली, कुठला कॉलम वेळ आणि कुठला कॉलम मॉडेलमधल्या कुठल्या गोष्टीशी जोडायचा ते सांगितलं, आणि पद्धत निवडली. इथे कोपासी खरंच श्रीमंत आहे: लेव्हेनबर्ग-मारक्वार्ट, हूक-जीव्ह्ज, पार्टिकल स्वॉर्म, जेनेटिक अल्गोरिदम, सिम्युलेटेड अॅनीलिंग, सगळं एका ड्रॉपडाउनमध्ये. स्वतः कोड करायला गेलात तर यातली एकेक पद्धत म्हणजे आठवडाभराचं काम. मी आधी पार्टिकल स्वॉर्मने मोठ्या पट्ट्यात शोधते आणि मग तिथून पुढे लेव्हेनबर्ग-मारक्वार्टने घासूनपुसून घेते, हा क्रम बहुतेक वेळा चालतो.

आणि रेषा बसते. काय सुंदर बसते. मुलं टाळ्याच वाजवतात. पण खरा तास इथून सुरू होतो, कारण मी त्यांना विचारते की एस, म्हणजे साथ सुरू होताना ज्यांना लागण होऊ शकते अशी माणसं किती धरली? मुलं म्हणतात मुंबईची लोकसंख्या, तेव्हा दहा लाखांच्या आतबाहेर होती, तीच धरू. ठीक आहे, एस दहा लाखावर पक्का केला आणि बाकीचं कोपासीला शोधायला सांगितलं. रेषा झकास बसली, आर नॉट आला 1.0045 च्या आसपास, आणि गॅमा आला आठवड्याला 90. म्हणजे काय, तर एक रुग्ण दोन तासांपेक्षा कमी वेळ संसर्ग पसरवतो आणि संपतो! आणि सुरुवातीचे रुग्ण किती तर 0.04, अख्खा एक माणूससुद्धा नाही. प्लेग असा नसतो. मग एस 50 हजार धरला, आर नॉट 1.1, संसर्गाचा काळ दीड-पावणेदोन दिवस, रेषा तशीच बसलेली. 20 हजार धरला तर आर नॉट 1.3, काळ पाच-सहा दिवस, हा ऐकायला तरी पटण्यासारखा, आणि रेषेत फरक पडतो तो निरखून बघितलं तरच कळावा असा. बरं एस मोकळाच सोडला तर? तर तो वर वर सरकत आपण दिलेल्या वरच्या मर्यादेला जाऊन टेकतो, कारण ते सेकंटवालं सूत्रच साथ लोकसंख्येच्या मानाने छोटी आहे असं धरून काढलेलं आहे.

म्हणजे एकच आलेख, आणि त्यामागे एकमेकांशी काडीचा संबंध नसलेल्या तीन गोष्टी. डेटात मुळात तीनच आकडे दडलेत, शिखर किती उंच, किती रुंद आणि कधी, आणि आपण त्यातून चार पॅरामीटर (एस, सुरुवातीचे रुग्ण, लागणीचा वेग बीटा आणि गॅमा) ओढून काढतोय, ते निघणार कसे? रेषा बसली म्हणजे मॉडेल बरोबर हा समज किती लोकांच्या डोक्यात असतो, पीएचडी झालेल्यांच्यासुद्धा, आणि तो मोडायला मला यापेक्षा चांगलं उदाहरण माहीत नाही.

आता यात कोपासीचं श्रेय काय? श्रेय असं की ही फसगत पकडायची हत्यारंही त्याच खिडकीत ठेवलीत. कॅल्क्युलेट स्टॅटिस्टिक्सवर टिक असेल तर निकालात प्रत्येक पॅरामीटरपुढे त्याची चूक किती टक्के ते येतं, आणि फिशर इन्फर्मेशन आणि कोरिलेशन असे वेगळे टॅब असतात. कोरिलेशनच्या चौकटीत दोन पॅरामीटरांच्या रांगा जिथे मिळतात तिथे आकडा एकाच्या किंवा उणे एकाच्या जवळ दिसला की समजायचं हे दोघं हातात हात घालून पळतायत, एकाला वाढवलं की दुसरा सावरून घेतो, वेगवेगळे कळणार नाहीत. शिवाय पॅरामीटर स्कॅनमध्ये एस ची किंमत पायरीपायरीने बदलायची आणि प्रत्येक पायरीला एस्टिमेशन परत चालवायचं असं लावता येतं, म्हणजे वर मी जे हाताने केलं ते एका क्लिकमध्ये सगळ्या किमतींना. पेपर लिहिणाऱ्या प्रत्येकाने हे केलंच पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे, आणि इतकं सोपं असताना न करायला सबब नाही.

आणि मूळ पेपरवाल्यांचं कौतुक बघा, त्यांनी हे झाकलेलं नाही. माणसातला प्लेग हा उंदरांतल्या प्लेगचं प्रतिबिंब आहे असं आपण धरतोय, पिसवा इतक्या भरपूर आहेत की लागण जणू थेट संपर्कानेच होते असं धरतोय, आणि प्रत्यक्षात यातलं एकही गृहीतक काटेकोर खरं नाही असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. परळच्या लॅबमध्ये त्याच सुमाराला उंदीर-पिसवांवर प्रयोग चालले होते, उंदीर मेला की त्याच्या पिसवा माणसावर येतात हे तिथेच पक्कं होत होतं. आणि मुंबईत प्लेग ठराविक मोसमात चढायचा आणि उतरायचा, पिसवांना हवा मानवते की नाही त्यावर. म्हणजे साथ उतरली ती लागण होऊ शकणारी माणसं संपली म्हणून की हवा तापली म्हणून, हे त्या एका घंटेसारख्या आलेखावरून सांगताच येत नाही. कोपासीत सूत्रात वेळ वापरता येते, त्यामुळे बीटाला मोसमानुसार वरखाली करणं, उंदरांचे वेगळे घटक टाकणं हे सगळं चार-पाच ओळींचं काम आहे, मुलांना प्रोजेक्ट म्हणून मी हेच देते.

आता ते '#'. कोपासीत तेच मॉडेल दोन तऱ्हांनी चालतं, एक नेहमीची गुळगुळीत रेषा, एलसोडा नावाच्या पद्धतीने, आणि दुसरी स्टोकॅस्टिक, म्हणजे प्रत्येक घटना नशिबाने घडते अशी, गिब्सन-ब्रुक वगैरे पद्धती. मॉडेल न बदलता फक्त ड्रॉपडाउन बदलायचा, हे फार मोठं सुख आहे. 20 हजारवालं मॉडेल एका रुग्णापासून स्टोकॅस्टिक चालवा, चारातल्या तीन वेळा साथ पेटतच नाही, एकदोन जण आजारी पडतात आणि विझते, आणि चौथ्या वेळी भडकते. आर नॉट एकाच्या वर म्हणजे साथ येणारच असं मुलांच्या मनात पक्कं बसलेलं असतं, ते स्कॅनमधल्या रिपीटने शंभर वेळा चालवून दाखवलं की त्यांचं त्यांनाच कळतं. पण युनिट मिलीमोल असेल तर एका मिलीमोलमध्ये कण किती, सहावर वीस शून्य, आणि मग एकेक घटना मोजत बसणं कॉम्प्युटरला अशक्य, सॉफ्टवेअर सरळ नकार देतं. म्हणून युनिट आधी नीट लावा. तसंच '=' ने लिहिलेल्या दुतर्फा क्रिया स्टोकॅस्टिकमध्ये चालत नाहीत, त्या टूल्समधल्या कन्व्हर्ट टू इररिव्हर्सिबलने तोडाव्या लागतात, आणि ते मॉडेलच बदलतं म्हणून आधी फाइलची कॉपी ठेवा.

पेशीच्या आतलं काम करणाऱ्यांसाठी बायोमॉडेल्सचा खजिना आहेच, केंब्रिजजवळ हिंक्स्टनला ईएमबीएल-ईबीआय मध्ये 2005 पासून चालू आहे, छापून आलेली मॉडेलं एसबीएमएल फॉरमॅटमध्ये (अशा मॉडेलांच्या फाइलचा सामाईक साचा) तिथून उतरवायची आणि कोपासीत इम्पोर्ट करायची. माझी शिफारस दहा नंबरचं मॉडेल, खोलोदेन्को यांचं 2000 सालचं एमएपीके कॅस्केड, म्हणजे पेशीत संदेश पुढे पोचवणारी एन्झाइमांची साखळी. दहा रिअॅक्शन, आठ घटक, म्हणजे डोक्यात मावतं. टाइम कोर्स आठ हजार सेकंदांचा लावला की एमएपीके वीसेक मिनिटांच्या लयीत चढताना-उतरताना दिसतो. मग स्लायडर काढा, शेवटून पहिल्या क्रियेला दाबणारा जो निगेटिव्ह फीडबॅक आहे त्याचा केआय (दाब किती ते ठरवणारा स्थिरांक) वाढवत न्या, म्हणजे दाब ढिला करत न्या, प्रत्येक सरकवण्याला आलेख तिथल्या तिथे बदलतो आणि एका ठिकाणी लाटा विरून सरळ रेषा होते. फीडबॅकवर तासभर बोलून जे पोचत नाही ते इथे दोन मिनिटांत पोचतं.

आता खटकणाऱ्या गोष्टी. सगळ्यात मोठी म्हणजे नवीन मॉडेल बनवून रन दाबलं तर आलेख येत नाही! आलेख आधी स्वतः सांगून ठेवावा लागतो, नवखा माणूस रन दाबतो, काहीच दिसत नाही, परत दाबतो, आणि सॉफ्टवेअर बिघडलंय समजून बंद करतो. टाइम कोर्सच्या पानावर आउटपुट असिस्टंट म्हणून बटण आहे, तिथे जाऊन कॉन्सन्ट्रेशनचा प्लॉट निवडा, विषय संपला, पण हे कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही. दुसरं, अपडेट मॉडेल आणि एक्झिक्युटेबल ही दोन खोकी. एस्टिमेशन करून अपडेट मॉडेलवर टिक नसेल तर सापडलेल्या किमती मॉडेलमध्ये जातच नाहीत, जुन्याच राहतात. आणि एक्झिक्युटेबलचा स्क्रीनवर रन दाबण्याशी संबंधच नाही, ते कमांड लाइनवरच्या कोपासीएसई साठी आहे. नावं बघून हे कोणाला समजणार? डाव्या हाताची झाडासारखी यादी लांबलचक आहे, एकाच घटकाचे सुरुवातीचं कॉन्सन्ट्रेशन, चालू कॉन्सन्ट्रेशन, कणसंख्या असे अनेक अवतार निवडीत येतात आणि चुकीचा निवडला तर रेषा बसत नाही की बसते पण भलतीच. चित्र काढायची सोय आहे पण पेपरला लावण्याजोगी आकृती हवी असेल तर सेलडिझायनर घ्या. आणि जागेचा विचार यात नाही, कप्प्यात सगळं एकसारखं मिसळलंय असं धरलं जातं, त्यामुळे पेशीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे काही पसरतंय असा प्रश्न असेल तर व्हर्च्युअल सेल बघा, एकेक माणूस किंवा उंदीर फिरताना दाखवायचा असेल तर नेटलोगो. तेही दोन्ही फुकट.

ज्यांना पायथन येतं त्यांनी बेसिको घ्यावं, कोपासीचं सगळं इंजिन पायथनमधून चालवता येतं, नोटबुकमध्ये आलेख, शंभर मॉडेलं एका लूपमध्ये, छान आहे. पण सुरुवात खिडकीवाल्या कोपासीनेच करा असं मी म्हणेन, कारण कोडमध्ये गेलं की मुलांचं लक्ष परत कंसांकडे जातं.

मदतीची पानं आणि व्हिडिओ त्यांच्या साइटवर आहेत, सगळे इंग्रजीत. मराठीत एक धड ट्यूटोरियल व्हावं असं मला मनापासून वाटतं, निदान इन्स्टॉल करण्यापासून पहिल्या आलेखापर्यंतचं, आणि उदाहरण हाच मुंबईचा प्लेग असावा, आपला डेटा आहे तो. कोणी करायला घेणार असेल तर सांगा, डेटाची फाइल आणि एस च्या तिन्ही किमतींची मॉडेलं माझ्याकडे तयार आहेत, लगेच पाठवते.